काटा शून्य दाखवतो तेव्हा

मंडळी, इथल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या माणसांना सिरियल पोर्ट म्हणजे काय हे मी सांगायची गरज नाही. डेटा एकेक बिट करून पाठवणारं पीसीचं ते जुनं तोंड. सीएनसीत, म्हणजे संगणकाच्या हुकमावर चालणाऱ्या मशीनमध्ये, प्रोग्रॅम सोडायला तुमच्यातले कित्येकजण अजून तीच केबल लावतात. विषय आहे, जुन्या पीसीला सिरियल कार्ड कुठलं घ्यावं. पण आधी ऊसकाट्याची गोष्ट. तिच्याशिवाय माझी गाडी पुढे सरकत नाही. (हशा)

चिकोडीकडचा एक कारखाना, नाव घेत नाही. हंगाम भरात, काट्यावर ट्रॅक्टरांची रांग, आणि काट्याच्या पीसीचा मदरबोर्ड जळाला. प्रोग्रॅम डॉस या विंडोजच्या आधीच्या सिस्टिमवरचा, वजन कॉम-वन, म्हणजे पहिल्या सिरियल पोर्टवरून घेणारा. बदली बोर्डाला सिरियल पोर्टच नव्हता. दुकानदार म्हणाला, 'पीसीआय कार्ड घाला, बिनधास्त.' पीसीआय म्हणजे मदरबोर्डावरचा, जुन्या आयएसएनंतर आलेला कार्डाचा स्लॉट. घातलं. विंडोजला पोर्ट दिसला, कॉम-थ्री म्हणून. डॉसमध्ये मात्र रिकामा ट्रॅक्टर शून्य आणि भरलेलाही शून्य. रांगेतला शेतकरी आत डोकावून म्हणाला, 'नेहमीपेक्षा जरा कमीच दाखवतंय की!' (मोठा हशा)

कार्ड चांगलं होतं. पण तो प्रोग्रॅम थेट कॉम-वनच्या ठरलेल्या ३एफ८ या पत्त्यावर आणि आयआरक्यू ४ वर, म्हणजे प्रोसेसरला हाक मारायच्या ४ नंबरच्या तारेवर, जाणारा. पीसीआय कार्डाला पत्ता मिळतो पीसी सुरू करणाऱ्या बायोसकडून, तो भलताच. काही कार्डांसोबत डॉसची युटिलिटी येते, ती नवा पत्ता बायोसच्या तक्त्यात लिहिते. प्रोग्रॅम तक्ता बघतच नसेल तर काय करणार? शेवटी आयएसए स्लॉटचा बोर्ड आणि जंपरवालं, म्हणजे पत्ता हाताने ठरवायचं, कार्ड जुन्या सामानातून शोधून बसवलं, तेव्हा वजन आलं. दुकानदार अजून म्हणतो, विंडोजचा प्रोग्रॅम घ्या.

जंपर लावताना हेही बघा: कॉम-वन आणि कॉम-थ्री, दोघेही आयआरक्यू ४ मागतात. आयएसएवर ती वाटून घेणं सहसा जमत नाही. एकाच जागेवर दोघांचा हक्क असला की काय होतं, हे बेळगावात मी सांगायचं? (हशा) अध्यक्षांची चिठ्ठी आली. वेळेची आहे की विनोदाची, ते वाचून सांगतो.

वेळेची आहे. तर भराभर. आधी प्रोग्रॅम बघा, मग स्लॉट, किंमत सगळ्यात शेवटी. डॉसवरचा प्रोग्रॅम थेट पोर्टला हात घालत असेल तर आयएसए. यूएसबी कनव्हर्टरचा तिथे उपयोग नाही. विंडोज असेल तर पीसीआय चालेल, पण तुमच्या आवृत्तीचा ड्रायव्हर आहे ना, ते घेण्याआधी विचारा. कार्डावरची सिरियल चिप १६५५०ए हवी, तिच्यात १६ बाइटचा फिफो, म्हणजे आलेले बाइट रांगेत धरून ठेवणारी जागा, असते. मूळ १६५५० चा फिफो सदोष होता, म्हणून 'ए' बघून घ्या. त्याआधीची ८२५० किंवा १६४५० चिप जेमतेम एकच आलेला बाइट धरून ठेवते. सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगाला निभावतं. १,१५,२०० ला दर ८७ मायक्रोसेकंदांनी नवा बाइट येतो, प्रोसेसर दुसरीकडे गुंतला की आधीचा गेला. सीएनसीच्या प्रोग्रॅममधला एक आकडा असा गळला तर जॉब भंगारात. पीसीआयचं फक्त ३.३ व्होल्टच्या खाचेचं कार्ड जुन्या ५ व्होल्टच्या स्लॉटात बसत नाही. दोन खाचांचं मागा.

आणि रिबन केबल कार्डासोबत आलेलीच लावा. त्या दहा पिनांची जोडणी दोन पद्धतींची असते. दुसऱ्या कार्डाची लावली तर पोर्ट दिसतो, डेटा येत नाही. प्रश्न चहानंतर घेऊ.