एकतीस एक्यांची मूळ संख्या

२,१४,७४,८३,६४७ ही संख्या दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस अशी वाचली जाते. दोनाच्या एकतिसाव्या घातातून एक वजा केला की ती मिळते. म्हणूनच द्विमान पद्धतीत ती लिहिताना केवळ एकतीस एके मांडावे लागतात.

अशा रूपाची संख्या मूळ असेल, तर तिला सतराव्या शतकातील फ्रेंच धर्मगुरू मर्सेन यांच्या नावाने ओळखतात. त्यासाठी घातांक मूळ असावा लागतो. पण तेवढ्याने भागत नाही, कारण ११ मूळ असूनही त्या घातांकाने मिळणारी २,०४७ ही संख्या २३ आणि ८९ यांचा गुणाकार आहे. मर्सेन यांनी १६४४ मध्ये दिलेल्या घातांकांच्या यादीत ३१ होता खरा, पण पुढे चुकीचे ठरलेले ६७ आणि २५७ हेही त्याच यादीत होते.

३१ घातांकाची ही संख्या मूळ असल्याची सिद्धता दिली ती स्विस गणितज्ञ लेओनार्ड ऑयलर यांनी, १७७२ मध्ये, दृष्टी जवळजवळ गेलेली असताना. या संख्येचे वर्गमूळ ४६,३४० आणि ४६,३४१ यांच्या दरम्यान येते, म्हणजे साध्या मार्गाने जायचे तर तोवरच्या चार हजारांहून अधिक मूळ संख्यांनी भागून पाहावे लागले असते. ऑयलर यांनी दाखवले, की हिला मूळ विभाजक असलाच, तर त्याला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरली पाहिजे. या चाळणीतून ६३ आणि २४९ येतात, पण त्या मूळ नाहीत. पहिली खरी उमेदवार ३११. तिने भागले, की बाकी ३५ उरते. असे पुढे ४६ हजारांपर्यंत जायचे. तरीही भागाकारांची संख्या ३७२ च्या पुढे जात नाही. एकानेही भाग गेला नाही. कागदावर हात चालवून केलेल्या गणितांत याहून नेटके उदाहरण क्वचितच सापडेल.

हिला दोनाच्या तिसाव्या घाताने गुणले, की आठवी परिपूर्ण संख्या मिळते, म्हणजे स्वतःखेरीज इतर सर्व विभाजकांच्या बेरजेइतकी असलेली संख्या. १८११ मध्ये इंग्रज गणितज्ञ पीटर बार्लो यांनी लिहिले, की याहून मोठी परिपूर्ण संख्या कधी सापडणार नाही, कारण अशा निरुपयोगी कुतूहलामागे कोणी लागणारच नाही. १८७६ मध्ये फ्रेंच गणितज्ञ एदुआर ल्यूका यांनी १२७ या घातांकाने मिळणारी संख्याही मूळ असल्याचे सिद्ध केले, तिच्यापासून आणखी मोठी परिपूर्ण संख्या मिळाली आणि ते भाकीत मोडले.

निरुपयोगी म्हणाल, तर संगणकातील ३२ बिटांच्या चिन्हयुक्त (म्हणजे धन आणि ऋण दोन्ही मूल्ये घेणाऱ्या) पूर्णांकाची कमाल मर्यादा नेमकी हीच आहे. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद अशा पूर्णांकात मोजणाऱ्या प्रणालींत १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी, मोजणी येथवर पोहोचेल. तोवर त्या ६४ बिटांवर नेल्या नाहीत, तर पुढच्या सेकंदाला आकडा ऋण होईल आणि तारीख डिसेंबर १९०१ ची दिसेल.