जवस दळायचं कधी, ठेवायचं कुठे
(ठाण्यात झालेल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, जेवणानंतर बडीशेपेबरोबर मीठ लावलेलं अख्खं जवस तोंडात टाकणारे इथे बरेच असतील. चवीला छान, पण पोषणाच्या हिशेबात त्यातलं फारसं पदरात पडत नाही. दाणा चपटा आणि गुळगुळीत, दाताखालून निसटतो. पाचकरस त्या सालीला भेदत नाहीत, त्यामुळे न चावलेला दाणा आतल्या तेलासकट तसाच बाहेर पडतो. रात्री भिजवून बुळबुळीत पाण्यासकट प्यायल्याने पोट साफ व्हायला मदत होते, हे खरं. तेल मात्र बहुतेक दाण्यातच राहतं.

१०० ग्रॅम जवसात साधारण ४२ ग्रॅम स्निग्धांश, २७ ग्रॅम तंतू आणि १८ ग्रॅम प्रथिनं असतात. स्निग्धांशातला निम्म्याहून जास्त भाग अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे वनस्पतींमधलं ओमेगा-३. पोह्याच्या चमचाभर पुडीतून, म्हणजे सुमारे ७ ग्रॅममधून, ते दीड ग्रॅमच्या आसपास मिळतं. मोठ्या माणसाची दिवसाची गरज जवळपास तेवढीच. पण माशांतलं ओमेगा-३ वेगळं. जवसातल्याचं त्यात रूपांतर शरीर फार थोडं करतं. तेव्हा बांगडा-तारली खाणाऱ्यांनी जवस सुरू केलं म्हणून मासे सोडू नयेत.

म्हणजे दाणा फोडायला हवा. पण तीच साल आतल्या तेलाला हवेपासून जपत असते. जवसाचं तेल तैलरंगात वापरतात, कारण हवेतला प्राणवायू धरून ते वाळतं आणि घट्ट होतं. डब्यातल्या पुडीतही तोच प्रकार हळूहळू चालू असतो. म्हणून अख्खं जवस जांभळी नाक्यावरून किलोभर आणा, कोरड्या हवाबंद डब्यात ते महिनोन् महिने टिकतं. दळा मात्र आठवड्यापुरतंच, म्हणजे माणशी ५० ते १०० ग्रॅम.

आता भाजणं. जाड बुडाची कढई, मंद आच, आणि सतत हलवणं. चार-पाच मिनिटांत दाणे तडतडू लागतात, किंचित फुगतात, खमंग वास येतो. तिथेच गॅस बंद करून लगेच ताटात पसरा. गरम कढईत राहिले तर ते भाजतच राहतात आणि कडवट होतात. पूर्ण गार होऊ द्या. कोमट दाणे मिक्सरमध्ये घातले की वाफ धरते. आणि मिक्सर सलग फिरवू नका! पाच-सहा सेकंद फिरवा, थांबा, भांडं हलवा, असं तीन-चार वेळा. सलग फिरवलं की पातं तापतं, तेल सुटतं आणि बुडाशी गोळा चिकटतो. मैद्यासारखं बारीक करायची गरज नाही, दाणा फुटला की झालं.

पूड काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत, फ्रीजमध्ये ठेवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात ओट्यावर ठेवलेली पूड लवकर दमट होते. ओला चमचा घालू नका. रंगाच्या डब्यासारखा वास आला किंवा जिभेवर कडवट खवखव राहिली, तर ती टाकून द्या. चटणी करताना लसूण कच्चा न घालता तव्यावर कोरडा करून घाला, नाहीतर त्यातल्या ओलाव्याने चटणी बिघडते.

खायचं ताकात, दह्यात, वरणभातावर, किंवा भाकरीच्या पिठात माणशी चमचाभर. भाकरीच्या तव्यावर पुडीतलं ओमेगा-३ फारसं वाया जात नाही. जवसाच्या तेलाची गोष्ट वेगळी, ते फोडणीत वापरू नका, लवकर धुरावतं. शिवाय तेलात तंतू नसतात आणि लिग्नान, म्हणजे जवसाच्या दाण्यातली एक प्रकारची वनस्पतिजन्य संयुगं, जवळजवळ नसतातच.

सुरुवात लहान चमच्याने करा, आठवड्याभराने पोह्याच्या चमच्यावर या. दिवसाला दोन पुरेत. एकदम वाढवलं की पोट फुगतं. कच्च्या जवसात सायनाइड तयार करू शकणारी संयुगं थोडी असतात. चमचाभराने काही होत नाही आणि भाजल्याने ती कमी होतात, पण कच्ची पूड वाटीभर स्मूदीत ढकलू नये.

बरोबर पेलाभर पाणी हवंच. जवस पाणी शोषून फुगतं. पाणी कमी पडलं तर बद्धकोष्ठ वाढतो. आतडं अरुंद झालेलं असेल, गिळायला त्रास असेल, तर जवस नकोच. गरोदरपणात किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. बाकीच्या गोळ्याही जवसाबरोबर घेऊ नका. तो चिकट गर औषध शोषलं जाण्यात आड येऊ शकतो, म्हणून दोन तासांचं अंतर ठेवा.