मध्यरात्रीची डाक, सोनेगावची धावपट्टी

(पडद्यावर: वर्धा जिल्हा, सेलू तालुका. बोर धरणाचं पाणी, कपाशीची वावरं.)

हे आमचं गाव, फ्लाइट सिम्युलेटरला, म्हणजे संगणकावर विमान उडवायच्या खेळाला, कळलं तसं. नाला जागेवर, पांदण जागेवर, पण शेजारच्या गोठ्यावर त्यानं बिनदिक्कत दोन मजले चढवलेत. आबाजींनी पाहिलं आणि विचारलं, "काहून रे, ग्रामपंचायतीची परवानगी तरी घेतली का यानं?"

मायक्रोसॉफ्टचा हा सिम्युलेटर 2020 साली आला. त्यातली जमीन उपग्रहाच्या चित्रांवरून केलेली आहे. काही निवडक शहरं फोटोंवरून जशीच्या तशी उभी केलीत. बाकी ठिकाणी संगणक वरून छप्पर पाहतो आणि खालचं घर अंदाजानं बांधतो. आमच्याकडे तो अंदाजही मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून रखडत येतो.

(पडद्यावर: सेस्ना 172 हे छोटं विमान, उजव्या अंगाला बुटीबोरी. पुढे नागपूर.)

गोंड राजा बख्त बुलंद शहानं 1702 च्या सुमारास वसवलेलं शहर. वरून आधी तळी दिसतात : अंबाझरी, फुटाळा, महालाकडचा गांधीसागर. पाणी आणि चढउतार सिम्युलेटर सहसा चुकत नाही, म्हणून सीताबर्डीची टेकडीही ओळखू येते. नोव्हेंबर 1817 मध्ये आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि कंपनीची पलटण इथंच भिडली. टेकडीला एक घिरटी घाला. ती हातात ठेवण्यासाठी एवढी झुंज का झाली, हे पुस्तकापेक्षा इथून लवकर कळतं. किल्ला मात्र आमच्या पडद्यावर काही सापडला नाही.

दीक्षाभूमीचा स्तूप 120 फूट उंच, व्यासही तेवढाच. पण उपग्रह डोक्यावरून पाहतो, त्याला तो नुसता पांढरा गोल. गोलावरून घुमट ओळखणं संगणकाला जड जातं. अशा वास्तू हौशी लोक स्वतः घडवतात आणि सिम्युलेटरला जोडतात. नागपूरच्या पोरांनी हे काम मनावर घ्यायला हवं.

विमानतळाला मात्र अंदाज चालत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ, जुन्या माणसांचं सोनेगाव. धावपट्टी 14-32, लांबी 3200 मीटर. ही माहिती खऱ्या वैमानिकांसाठी प्रसिद्ध होते आणि तिच्यातले बदल 28 दिवसांच्या ठरलेल्या चक्रानं लागू होतात. 32 वर उतरायचं तर विमानाचं तोंड वायव्येला, साधारण 320 अंशांवर.

(पडद्यावर: रात्र. धावपट्टीचे दिवे.)

आता आमच्या आवडीचा भाग. जानेवारी 1949 मध्ये रात्रीची हवाई डाक सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास, चारही शहरांतून रात्री विमानं निघायची आणि मध्यरात्रीनंतर सोनेगावला एकत्र यायची. डाकेच्या थैल्यांची अदलाबदल झाली की जो तो आपल्या शहराकडे परत. मुंबईत संध्याकाळी टाकलेलं पत्र सकाळी कलकत्त्यात. देशाच्या मधोमध असण्याचा नागपूरला झालेला हा सगळ्यात रोकडा फायदा, संत्र्याच्या बर्फीहून मोठा!

त्या कामावर डाकोटा विमानं होती. तिचीच बहीण, डग्लस डीसी-3, सिम्युलेटरला 2022 साली मिळाली. हिचं तिसरं चाक शेपटीखाली, त्यामुळे जमिनीवर नाक आभाळाकडे. समोरची पट्टी वैमानिकाला दिसतच नाही. मग डावीकडे थोडं, उजवीकडे थोडं, असं नागमोडी चालवत बाजूच्या काचेतून वाट पाहायची. मुंबई ते नागपूर सरळ रेषेत 700 किलोमीटरच्या आत, म्हणजे पावणेतीन तास. अकोल्याजवळ घरची लाइन गेली, तर पुन्हा मुंबईपासून.

उतरताना समोर आजचं टर्मिनल लखलखतं. तिकडे पाहायचं नाही. काटा रात्री एकच्या पुढे, उंचीमापक समुद्रसपाटीपासून हजार फुटांच्या जरा वर, म्हणजे चाकं टेकायला आलीच.

(पडद्यावर: डीसी-3 एकटीच उभी, इंजिनं बंद.)

एकाच विमानानं डाक बदलत नाही, बाप्पा. सिम्युलेटरमध्ये चौघं एकाच आकाशात उडू शकतात. मुंबईची बाजू आमच्याकडे. दिल्ली, कलकत्ता, मद्रास कोण घेतं ते खाली लिहा. शनिवारी रात्री दहाला निघायचं. कलकत्तावाल्यानं तासभर आधी, त्याचा पल्ला सगळ्यात लांब.