औषधाच्या खोक्याची वही: सरकारी खरेदीत ब्लॉकचेन कशाला हवी

मंडळी, नमस्कार. आयटीतलं मला कळतं ते ऐकून-वाचून, पण सरकारी औषध भांडारात मी अठरा वर्षं काढलीत, त्यामुळे ब्लॉकचेन म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर बिटकॉइन नाही येत, आमचं स्टॉक रजिस्टर येतं. पानाच्या शेवटी बेरीज आणि पुढच्या पानाच्या पहिल्या ओळीत ‘मागील पानावरून शिल्लक’. ब्लॉकचेनची अर्धी गोष्ट एवढीच आहे. प्रत्येक ब्लॉक, म्हणजे वहीचं एक पान, आधीच्या ब्लॉकचा हॅश, म्हणजे त्या पानावरच्या सगळ्या मजकुरातून गणिताने काढलेली खूण, सोबत घेऊन येतो, मधे कुठे एक आकडा जरी बदलला तरी खूण बदलते आणि पुढचा सगळा मेळ बिघडतो. उरलेली अर्धी गोष्ट ही, की वही एकाच्याच कपाटात नसते, तिच्या सारख्या प्रती वेगवेगळ्या ऑफिसांकडे असतात.

आता नागपूरचं बघा. मार्च 2023 मध्ये कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयातून सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकच्या गोळ्यांचा नमुना घेतला, मुंबईच्या सरकारी लॅबचा रिपोर्ट आला डिसेंबरमध्ये. गोळ्यांत औषधच नव्हतं. लेबलवर जी कंपनी छापली होती ती शोधायला गेले तर अशी कंपनीच नाही. 2024 च्या आरोपपत्रात टाल्कम पावडर आणि स्टार्च असं आलंय. मधले नऊ महिने, मंडळी. ताप घेऊन आलेल्या माणसाला तीच पाकिटं दिली जात असतील, हे मनातून जात नाही.

ब्लॉकचेनने हे थांबलं असतं का? एक गोष्ट नक्की थांबली असती. बॅचची पहिली नोंद करायला उत्पादकाकडे स्वतःची डिजिटल सही लागते आणि ती परवाना तपासूनच द्यायची असते, म्हणजे नसलेल्या कंपनीची बॅच वहीत चढणारच नाही. पण गोळीच्या आत काय आहे ते कुठल्याही चेनला दिसत नाही हो, ते लॅबलाच दिसतं. म्हणून माझा सगळा आग्रह एकाच ठिकाणी आहे: लॅबचा रिपोर्ट त्याच चेनवर यायला हवा आणि तो येईपर्यंत बॅच भांडारातून हलूच नये. कर्नाटकात एनआयसीने, म्हणजे केंद्र सरकारच्या आयटी संस्थेने, ‘औषध’ नावाची ब्लॉकचेन प्रणाली केलीय, त्यात उत्पादकापासून हॉस्पिटलपर्यंतचा प्रवास आणि गुणवत्ता तपासणी दोन्ही नोंदवतात. केंद्र सरकारने सप्टेंबर 2024 मध्ये ‘विश्वस्य’ हा ब्लॉकचेन स्टॅक, म्हणजे अशा वह्या चालवायची तयार यंत्रणा, आणला, तो भुवनेश्वर, पुणे आणि हैदराबादच्या डेटा सेंटरांत चालतो. म्हणजे मशीन पुण्यात आहे, अडचण मशीनची नाहीये.

अडचण आहे प्रत कोणाकोणाकडे ठेवायची त्याची. सगळे नोड, म्हणजे वहीची प्रत ठेवणारे कॉम्प्युटर, खरेदी करणाऱ्याच खात्यात ठेवले तर तो नुसता डेटाबेस झाला, महागडा. एफडीए (अन्न व औषध प्रशासन), लॅब, ऑडिट, जिल्हा रुग्णालय, अशी वेगवेगळी माणसं हवीत ज्यांचं एकमेकांवर दडपण नाही. मर्स्क ही जहाज कंपनी आणि आयबीएमने जहाजांच्या मालासाठी ट्रेडलेन्स हे असंच ब्लॉकचेनचं काम काढलं होतं, 2022 च्या शेवटी बंद करायचं जाहीर केलं, कारण सगळा धंदा एकत्र आलाच नाही. सरकारचं तसं नाही ना, सरकार गिऱ्हाईक आहे, टेंडरमध्ये अट टाकली की पुरवठादाराला यावंच लागतं. मग टाका ना ती अट!

माझ्याकडे एकदा एक खोका आला होता. बाहेरच्या लेबलवर एक बॅच नंबर, आतल्या स्ट्रिपवर दुसराच, आणि चलनावर बाहेरचा. वाटेत तीन ठिकाणी तो उतरला-चढला होता, प्रत्येकाच्या रजिस्टरला ‘मिळाले, बरोबर’ अशी सही. तिघांनाही फोन केले, पत्रं लिहिली, अदलाबदल नक्की कुठे झाली ते शेवटपर्यंत कळलं नाही. मी तो खोका वेगळ्या रॅकवर ठेवला, वर लाल पेनने ‘वापरू नये’ लिहिलं. पण त्याच खेपेतले बाकीचे खोके ज्या केंद्रांना गेले होते त्यांना माझं ते लाल पेन दिसत नव्हतं, आणि ती केंद्रं कुठली तेही मला माहीत नव्हतं.