पूर ओसरल्यावर पुलाखाली उतरा

[दृश्य : शिवाजी पूल, जुलैचा पाऊस, दुथडी भरलेली पंचगंगा]

राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट? मच्छिंद्री झाली का, म्हणजे शिवाजी पुलाच्या ठरलेल्या खुणेला पाणी लागलं का? पावसाळ्यात कोल्हापुरात चहाच्या गाड्यापासून घरातल्या ग्रुपपर्यंत हेच विचारणं चालतं. ३९ फुटांला इशारा, ४३ ला धोका, हे शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, तेव्हा तर इंचाइंचाची बातमी होत होती.

पण हे सगळं मोजमाप वर चढणाऱ्या पाण्याचं. त्याच वेळी नदी खांबाच्या बुडाशी काय करते आहे, ते काठावरून कळत नाही. जगभरात नदीवरचे कितीतरी पूल तिथूनच गेले आहेत.

[दृश्य : खांबाला आपटणारं पाणी, जवळून]

पुराचा लोट खांबावर आपटतो, तेव्हा त्यातलं काही पाणी सरळ खाली वळतं. बुडाशी भोवरा धरतो आणि तो वाळू, गोटे, माती उकरत सुटतो. पाया उघडा पडतो. इंजिनिअर लोक याला स्कावर म्हणतात. खरा घात पुढं आहे. पूर उतरू लागला, की पाण्याचा जोर मरतो आणि वाहत आलेला गाळ त्याच खड्ड्यात बसतो. पंधरा दिवसांनी बघायला गेलात, तर तळ सारखा दिसतो. वरचा डांबरी रस्ता धड, कठडा धड. पायाखाली मात्र घट्ट जमिनीऐवजी भुसभुशीत गाळ.

[दृश्य : महाड, सावित्री नदी]

२ ऑगस्ट २०१६ ची रात्र. मुंबई-गोवा महामार्गावर महाडजवळ सावित्रीला पूर होता. १९२८ सालचा दगडी कमानींचा पूल कोसळला आणि दोन एसटी गाड्या प्रवाशांसकट नदीत गेल्या. क्रेनला मोठं लोहचुंबक बांधून त्या गाड्या शोधाव्या लागल्या. दगडी पुलाची एक कमान शेजारच्या कमानीला रेटून उभी असते. मधला खांब हलला, की दोन्हीकडचा आधार एकदम सुटतो. अंधारात, पावसात, पुढं रस्ताच नाही हे चालकाला कसं दिसावं? नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. काम वेगानं झालं, हे मान्यच. तेवढ्याच तातडीनं जुन्या पुलांचं बूड तपासलं जावं, एवढंच आमचं मागणं आहे.

तपास कसा होतो, ते अमेरिकेतल्या एका पुलावर नीट दिसतं. ५ एप्रिल १९८७ ला न्यूयॉर्क राज्यात स्कोहारी नावाच्या ओढ्यावरचा महामार्गाचा पूल पुरात पडला. दहा माणसं गेली. तपास करणाऱ्यांनी खांबाभोवती बांध घातला, आतलं पाणी उपसलं आणि पाया कोरडा करून पाहिला. एका खांबाखाली सुमारे ३ मीटर खोल खड्डा निघाला. पाया उथळ होता आणि त्याला राखायला टाकलेले दगड वर्षानुवर्षांच्या पुरांनी हलवले होते. या पुलाची तपासणी नियमित होत होती. कागद सगळे जागच्या जागी. पाण्याखाली मात्र एकदाही कोणी उतरलं नव्हतं.

[दृश्य : लोखंडी पुलाचे सांधे, रिव्हेट]

लोखंडी पुलाची गत निराळी. १९६७ मध्ये ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज पडला, ४६ जण दगावले. मूळ होतं एका सळीच्या डोळ्यातली, म्हणजे टोकाला सांध्यासाठी ठेवलेल्या भोकातली, जेमतेम अडीच मिलिमीटर खोल चीर. सांधा खोलल्याशिवाय ती दिसलीच नसती. २००७ मध्ये मिनिअ‍ॅपोलिसचा पूल कोसळला. त्याच्या सांध्यावरच्या पट्ट्या हव्या होत्या त्याच्या निम्म्याच जाडीच्या होत्या, आणि त्या दिवशी दुरुस्तीचं सामान पुलावरच रचलेलं होतं. त्या पट्ट्या वाकल्याचे फोटो २००३ मध्येच काढलेले सापडले. चार वर्षं ते फोटो होते! पाहणाऱ्याला त्यात धोका वाचता आला नाही, याची हळहळ आजही वाटते.

[दृश्य : शिवाजी पूल, कठडा]

आपल्याकडे २६ जानेवारी २०१८ च्या रात्री शिवाजी पुलाचा कठडा तोडून मिनी बस पंचगंगेत कोसळली, १३ जीव गेले. त्या वेळी पूल जागचा हलला नाही. पण पूल शाबूत म्हणजे पुलावरचा माणूस सुरक्षित, असं नाही, हे कोल्हापूरनं तेव्हा सोसून पाहिलं.

दगडी पुलाच्या फटीत पिंपळ रुजला, की मुळं दगडांमधल्या दरजा फोडत आत शिरतात. पाणी जायच्या पाइपा तुंबल्या, की ते पाणी सांध्यातून झिरपतं. हे काठावरून दिसतं, कोणीही फोटो काढून कळवावं. बुडाचं काम वेगळं. त्याला पाणबुड्या लागतो, आवाजाच्या लहरींनी तळ मोजणारं सोनार यंत्र लागतं आणि तळाची खोली दरवर्षी त्याच जागी मोजून आधीच्या वर्षाशी ताडून पाहावी लागते. तेव्हा तुमच्या गावच्या पुलाचं स्ट्रक्चरल ऑडिट झालं असं कोणी सांगितलं, तर अहवाल मागा आणि त्यात बघा : पाण्याखाली कोण उतरलं, कोणत्या महिन्यात, आणि प्रत्येक खांबापाशी तळ किती खोल निघाला.