रंगवलेली सावली

ही सावली बघा. भिंतीवरून उतरून जमिनीवर सांडलेली. आता ती पाडणारा दिवा शोधा. सापडणार नाही, कारण ही सावली पडलेलीच नाही. ती ब्रशनं काढली आहे.

साल 1919 संपत आलंय. पहिलं महायुद्ध हरलेल्या जर्मनीत, बर्लिनला लागून असलेल्या वाइसेनझेच्या एका लहानशा स्टुडिओत तीन माणसं कापडावर रंग चढवतायत. हेर्मान वार्म, वाल्टर रायमान, वाल्टर रोरिग. चित्रपट आहे ‘डॉ. कॅलिगारीचं कॅबिनेट’, दिग्दर्शक रॉबर्ट वीने. कॅलिगारी हे नाव शंभर वर्षं टिकलं. या तिघांची नावं सिनेमावाल्यांनाही जरा आठवावी लागतात.

त्यांची युक्ती समजावी म्हणून आम्ही एक चौकट ठोकली, तिच्यावर कापड ताणलं आणि काळ्या रंगात एक तिरकी सावली काढली. मग दिवा डावीकडे धरला. उजवीकडे नेला. पार मागे नेला. सावली जागची हलत नाही. पाच मिनिटांत डोळा कंटाळायला हवा, पण तो अस्वस्थ होतो. उजेड एक सांगतो, भिंत दुसरंच सांगते. आता कल्पना करा, सबंध गाव असंच रंगवलेलं. आणि त्यात चालणारी माणसं मात्र हाडामांसाची.

हे ते गाव, होल्स्टेनवाल. घरं एकमेकांवर कलंडलेली, खिडक्या चाकूनं कापल्यासारख्या. नगरपालिकेचा कारकून केवढ्या उंच स्टुलावर बसलाय बघा! सत्ता दाखवायला एक स्टूल पुरलं. ही कोठडी: वरून खाली उतरणारे पांढरे-काळे पट्टे सगळे एकाच जागी येतात, आणि नेमका तिथेच कैदी बसलाय. त्याचा चेहरा पाहायच्या आधी त्याची अवस्था कळते.

या गावच्या जत्रेत डॉ. कॅलिगारी एक तंबू लावतो. पेटीत एक झोपाळू तरुण, चेझारे. झोपेत चालतो, भविष्य सांगतो. भूमिकेत कॉनराट फाइट.

(निवेदन थांबतं. चेझारे डोळे उघडतो.)

मी कधीपर्यंत जगेन, असं एक तरुण विचारतो. पहाटेपर्यंत, असं उत्तर येतं. आणि त्या रात्रीचा हा खून. मारेकरी दिसत नाही, दिसतात त्या भिंतीवर झटापट करणाऱ्या सावल्या. लक्षात आलं? या सावल्या खऱ्या आहेत, दिव्यानं पडलेल्या. सगळ्या रंगवलेल्या गावात हलणारी सावली वाट्याला आली ती खुनाच्या.

ही सगळी हकिकत आपल्याला सांगतोय फ्रान्सिस, बागेतल्या बाकावर बसून. कॅलिगारीचा माग काढत तो मनोरुग्णालयात पोहोचतो, तर तिथला प्रमुख डॉक्टरच कॅलिगारी निघतो. पण शेवटी कळतं, फ्रान्सिस स्वतःच इथला रुग्ण आहे.

या शेवटावरून पुष्कळ शाई खर्ची पडली. लेखक दोघे, कार्ल मायर आणि हान्स यानोवित्स. यानोवित्स पुढे म्हणाले की आमची गोष्ट सत्तेविरुद्ध होती, वेड्यानं सांगितलेली गोष्ट अशी ही कथेबाहेरची चौकट लादून ती उलटी फिरवली. 1947 साली समीक्षक झीगफ्रीड क्राकाउअर यांनी तेच धरून ग्रंथ लिहिला आणि कॅलिगारीपासून हिटलरपर्यंत रेघ ओढली. नंतर मूळ पटकथेची एक प्रत हाती आली. तिच्यातही चौकट होती, फक्त वेगळी. आम्हाला विचाराल तर हा वाद कागदावरचा आहे. कापड काय म्हणतं ते कुणी फारसं पाहिलंच नाही.

26 फेब्रुवारी 1920 ला बर्लिनच्या मार्मोरहाउसमध्ये पहिला खेळ झाला. पुढे भयपटांनी ही वाकडी भिंत उचलली, तिच्यासोबत खलनायक डॉक्टर आणि भीतीदायक रुग्णालयही. त्याचा भुर्दंड खऱ्या रुग्णांना पडला.

पण मुद्दा रुग्णालयाच्या या अंगणाचा आहे.

फ्रान्सिसच्या गोष्टीत हे अंगण असं होतं. फरशीवर मध्यातून फुटलेले पांढरे पट्टे. आपण म्हणतो, बरोबर, वेड्याला जग वाकडंच दिसणार. आता गोष्ट संपली. आपण त्याच्या डोक्यातून बाहेर आलो. भिंती सरळ व्हायला हव्यात.

(तेच अंगण. तेच पट्टे.)

फ्रान्सिस डॉक्टरांवर धावून जातो. त्याला बांधून कोठडीत नेतात. त्याच्या गोष्टीत डॉक्टरांना बांधून ज्या कोठडीत आणलं होतं, तीच ही. डॉक्टर चष्मा लावतात, त्याला निरखतात आणि सांगतात की रोग कळला, आता उपायही कळला. चेहरा शांत, जवळजवळ मायाळू. आणि मागची भिंत त्याच हातांनी, त्याच काळ्या रंगानं रंगवलेली.