थोड्या भांडवलात ऑनलाइन विक्री

श्रोतेहो, नमस्कार. हाताशी पाच-सात हजार रुपयेच असताना घरबसल्या ऑनलाइन विक्री सुरू करता येईल का, असे जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील अनेक जण, विशेषतः बचत गटांतील भगिनी विचारतात. करता येते, मात्र ते पैसे कशावर आणि कोणत्या क्रमाने खर्च होतात, यावर बरेच अवलंबून असते.

अनेकांचा पहिला खर्च वेबसाइटवर होतो आणि माझ्या मते तोच सर्वांत अनाठायी असतो. व्हॉट्सॲप बिझनेस हे मोफत ॲप असून त्यात छायाचित्रे, किमती व वर्णनासह मालाची यादी तयार करता येते, आणि ग्राहकाचे पैसे यूपीआयने थेट आपल्या खात्यात जमा होतात. नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईला, नाशिकला गेलेले आपले नातलग आणि गावकरी हेच पहिले ग्राहक असल्यामुळे सुरुवातीला जाहिरातीचीही गरज भासत नाही.

पैसा खरा जातो तो वाहतुकीत. कुरिअर कंपन्या पार्सलचे प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेले वजन, यांपैकी जे जास्त असेल त्याचे भाडे आकारतात. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करायचा आणि त्याला 5000 ने भागायचे, हा त्यांचा प्रचलित हिशेब आहे. समजा, 30 सेंटिमीटर लांब, तितक्याच रुंद आणि 20 सेंटिमीटर उंच खोक्यात एक किलो ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापडासारखे वाळवण, भरले, तर भाडे 3.6 किलोचे पडेल, आणि एवढे करूनही ग्राहकाच्या हाती त्यातला बराचसा चुरा पडण्याची भीती राहतेच. बिबड्यांवर माझेही प्रेम आहे, परंतु तुटपुंज्या भांडवलावर पहिला माल म्हणून मी ते सुचवणार नाही. त्याऐवजी खान्देशी काळा मसाला घ्यावा: तो थोड्या जागेत मावतो, फुटत नाही आणि लवकर खराबही होत नाही.

मसाल्याचा भाव ठरवताना शेजारच्या दुकानातील भाव पाहून दहा रुपये कमी लावण्याची सवय मोडली पाहिजे. नंदुरबारच्या बाजारात हिवाळ्यात नवी लाल मिरची येते, तेव्हा ती खरेदी करावी. मात्र देठ काढल्यावर आणि मसाला भाजल्यावर जे वजन उरते, त्यावरच किलोचा खर्च काढावा. त्यात धने, खोबरे, तेल, गॅस, कांडपाची मजुरी, पाकीट आणि लेबल हे सारे धरावे, आणि घरच्या बायकांची मजुरीही, जी हमखास विसरली जाते. कुरिअरचे भाडे मात्र वेगळे सांगावे.

कागदपत्रांचे काम फार अवघड नाही. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, 2006 नुसार घरगुती खाद्यपदार्थ विकणाऱ्यालाही नोंदणी आवश्यक असून तिचा 14 अंकी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, आधार क्रमांकावर निःशुल्क होते. तिच्यासाठी शुल्क मागणाऱ्या संकेतस्थळांपासून दूर राहावे.

वस्तू व सेवा कराबाबत आपल्या भागात एक खास अडचण आहे. महाराष्ट्रातच माल विकणाऱ्याला वार्षिक 40 लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, आणि 1 ऑक्टोबर 2023 पासून असा विक्रेता नावनोंदणी क्रमांक घेऊन राज्यांतर्गत ऑनलाइन बाजारपेठेतूनही विक्री करू शकतो. परंतु गुजरात सीमेवरील नवापूरच्या भगिनीला सर्वांत जवळचे मोठे शहर सुरत, जिथे खान्देशी कुटुंबेही पुष्कळ, आणि ते परराज्यात! करपात्र माल राज्याबाहेर विकायचा, तर उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी लागते. मसाला करपात्र आहे. पापड करमुक्त आहेत, म्हणून केवळ पापड विकणाऱ्याला ही अट नाही.

शेवटी वसुलीविषयी. घरपोच मिळाल्यावर पैसे देण्याची सोय सुरुवातीला ठेवू नये, कारण ग्राहकाने पार्सल नाकारले, तर जाण्या-येण्याचा भुर्दंड आपल्यालाच पडतो. मागणी आधी नोंदवावी, पैसे आगाऊ घ्यावेत आणि जमलेल्या रकमेतून मिरची आणावी, म्हणजे स्वतःच्या खिशातून केवळ पाकिटे, लेबले आणि नमुन्यापुरता मसाला एवढाच खर्च उरतो. नमस्कार.